सहाव्या सत्रापर्यंत हातात काय हवं?

सांगलीच्या गावभागात राहणारी एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी इंटिरियर डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेली आहे. कॉलेज कोल्हापूरला, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार एसटीच्या जाण्या-येण्यात रोज तीन तास जातात. पुढच्या सहा सत्रांचा एक तक्ता तिने पत्रासोबत पाठवला आहे. दुसऱ्या वर्षात ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि फोटोशॉप ही पाच सॉफ्टवेअर उरकायची, त्यासाठी शनिवार-रविवार खासगी क्लास लावायचा, शिवाय दर सत्राला दोन ऑनलाइन कोर्स करायचे. बिल्डिंग सर्व्हिसेस (पाणी, वीज, एसी यांच्या सोयी), अंदाजपत्रक आणि प्रगत वर्किंग ड्रॉइंग (कारागिराला द्यायचे तपशीलवार आराखडे) हे ‘रटाळ’ विषय वैकल्पिक यादीत आहेत, म्हणून ते सातव्या-आठव्या सत्रात ढकलायचे. इंटर्नशिप करायची ती पुण्या-मुंबईतच. धाकटा भाऊ बारावीला आहे, पुढचा खर्च डोळ्यांसमोर आहे, म्हणून ‘तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पड’ असं पप्पा म्हणतात. सीनियर म्हणतात, मार्क देणारे विषय घे. फॉर्म भरायची मुदत जवळ आली आहे. तिचे प्रश्न दोन: हे नियोजन बरोबर आहे का, आणि सांगलीत राहून या क्षेत्रात काही होईल का?

तुझं पत्र आणि तक्ता दोन्ही नीट वाचले. दुसऱ्या वर्षातच पुढच्या सहा सत्रांचा विचार करणारे विद्यार्थी फार नसतात, त्यामुळे आधी शाबासकी. आता तक्त्यातली एक गोष्ट दाखवते. ती तुझ्या नजरेतून सुटली आहे, आणि बाकीचं बरंचसं उत्तर तिच्यातूनच निघतं.

पत्रात तू लिहितेस, कदाचित तीन वर्षांनी बाहेर पडावं लागेल. तक्त्यात मात्र सर्व्हिसेस, अंदाजपत्रक आणि वर्किंग ड्रॉइंग चौथ्या वर्षात आहेत. सहाव्या सत्रानंतर थांबलीस तर पदवी मिळेल आणि हे तिन्ही विषय सुटलेले असतील. पाच सॉफ्टवेअर येतील, सुंदर चित्रं काढता येतील, पण नहाणी ट्रॅप (न्हाणीघरातलं पाणी बाहेर नेणारी, वास अडवणारी जाळी-वाटी) कुठे बसवायचा आणि कपाटाला किती प्लाय लागेल, हे सांगता येणार नाही. तीन वर्षांत कमवायला लागायचं असेल तर नेमकी हीच माहिती लागते. तेव्हा तीन वर्षं की चार, हा निर्णय आज घेऊ नकोस. तो आज घ्यायची गरजही नाही. सहाव्या सत्राच्या शेवटी जिथे असशील तिथे काम येत असेल, अशा बेताने विषय लाव. मग चौथं वर्ष केलंस तर त्याचा फायदा, नाही केलंस तरी अडणार नाही.

क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर विषयाला मिळणाऱ्या अंकांचा, हिशेब तू बेरजेने मांडला आहेस: सत्राला २२, सहा सत्रांचे १३२, की पदवी. बेरीज बरोबर आहे, पण सगळे क्रेडिट सारखा वेळ खात नाहीत. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात १५ तास धरतात, स्टुडिओ (डिझाइनचा प्रोजेक्ट करायचा तास) किंवा प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. समज, २२ पैकी १० क्रेडिट थिअरीचे आणि १२ स्टुडिओ-प्रॅक्टिकलचे. म्हणजे १५० अधिक ३६०, एकूण ५१० तास. १५ आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला ३४ तास नुसते वर्गात. त्यात एसटीचे १५ घाल, झाले ४९. अजून घरी बसून काढायची शीट, मॉडेल, ज्युरीच्या (परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या) आधीची जागरणं यातलं काहीच मोजलेलं नाही. यावर तू दोन ऑनलाइन कोर्स आणि दोन दिवसांचा क्लास ठेवला आहेस. झोपणार कधी?

म्हणून तक्ता पुन्हा कर आणि या वेळी क्रेडिटऐवजी तास मांड. प्रत्येक सत्रात स्टुडिओचा विषय कोणता, ते आधी लिही. घराची एक खोली, पूर्ण फ्लॅट, दुकान किंवा कॅफे, मग दवाखाना-ऑफिससारखी सार्वजनिक जागा, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. तुमचा क्रम अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत असेलच. मग प्रत्येक वैकल्पिक विषयाला विचार: हा कुठल्या सत्रातल्या स्टुडिओला उपयोगी पडेल? फ्लॅटचा प्रोजेक्ट ज्या सत्रात आहे, त्याच सत्रात किंवा त्याच्या आधी सर्व्हिसेस शिकायला हवं. नंतर शिकून तो प्रोजेक्ट सुधारत नाही.

‘रटाळ’ हा शब्द तू वापरलास आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण या विषयांइतके जिवंत विषय या पदवीत दुसरे नाहीत. शिकवण्याच्या पद्धतीमुळे ते कोरडे वाटतात, हे मात्र मान्य. व्याख्या पाठ करून घेतल्या तर कुणालाही कंटाळा येईल. पण ज्युरीत मी कितीतरी बाथरूम पाहते, ज्यांत भिंतीवर लटकणारा कमोड झोकात काढलेला असतो आणि त्यामागे चार इंची विटेची भिंत. त्या भिंतीत लपवायची टाकी मावत नाही. पुढे खोटी भिंत उभी करावी लागते, मग बाथरूमची रुंदी कमी होते, दार उघडताना बेसिनला लागतं. एसीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीला उतार लागतो, हे माहीत नसलं की फॉल्स सीलिंग खाली येतं. कपाट उभं राहिल्यावर कळतं की स्विचबोर्ड त्याच्या मागे गेला. यातलं काहीही थ्रीडी चित्रात दिसत नाही. ते सगळं सर्व्हिसेसच्या वहीत असतं.

अंदाजपत्रकाचं एक उदाहरण देते, कागद-पेन्सिल घेऊन सोबत कर. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट. मधे एक उभी फळी, प्रत्येक कप्प्यात दोन आडव्या फळ्या, पुढे दीड-दीड फुटांच्या चार झडपा. पाठीला सहा मिलिमीटरचा प्लाय लागेल, तो बाजूला ठेव. बाकी अठरा मिलिमीटरचा. दोन बाजू २८ चौरस फूट, मधली उभी फळी १४, वरची-खालची मिळून २४, आडव्या चार फळ्या २४, झडपा ४२. बेरीज १३२. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे चार शीट आणि थोडं, असं वाटतं. आता कापायला घे. चार फूट रुंदीतून दीड फुटाच्या दोनच झडपा निघतात आणि फूटभर पट्टी उरते, म्हणजे झडपांनाच दोन शीट गेल्या. दोन फुटी पट्ट्या लागतात सात: तीन उभ्या, दोन वर-खाली, दोन आडव्या फळ्यांसाठी. एका शीटमधून दोन पट्ट्या, म्हणजे साडेतीन शीट. एकूण साडेपाच, विकत घ्यायच्या सहा. करवतीच्या पात्याने खाल्लेले मिलिमीटर अजून धरलेलेच नाहीत. झडपांची रुंदी बदलली की हा आकडा बदलतो, आणि रुंदी ठरवणं हे डिझाइनचंच काम आहे. ज्याला हा हिशेब येतो त्याच्या हातात ग्राहकाचे पैसे सुरक्षित असतात, आणि मिस्त्रीही त्याचं ऐकतो.

म्हणून माझी सूचना अशी: साहित्य आणि बांधकामाचे तपशील तिसऱ्या सत्रात घे, सर्व्हिसेस चौथ्यात, वर्किंग ड्रॉइंग पाचव्यात, अंदाजपत्रक सहाव्यात. हा क्रम मनाला येईल तसा लावलेला नाही. प्लायचा प्रकार कळल्याशिवाय त्याचा सांधा काढता येत नाही, पाइप आणि वायरी कुठून जातात ते कळल्याशिवाय सुताराला द्यायचं ड्रॉइंग पुरं होत नाही, आणि ड्रॉइंग पुरं असल्याशिवाय अंदाज निघत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल. तुझी भीती समजते. नोकरीच्या जाहिरातीत नावांची यादी असते आणि आपल्याला त्यातलं काही येत नाही असं वाटतं. पण पाच सॉफ्टवेअर एका वर्षात शिकलीस तर पाचही अर्धी राहतील. दुसऱ्या वर्षात एक आराखड्यांसाठी आणि एक त्रिमितीसाठी, म्हणजे ऑटोकॅड आणि स्केचअप पुरे. त्यावर स्टुडिओचा प्रोजेक्ट कर, वेगळा सराव लागणार नाही. रेव्हिट वर्किंग ड्रॉइंगच्या सत्रात घे, तिथे त्याचा उपयोग दिसेल. रेंडरिंग, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी चित्रं बनवणं, त्यानंतर. शनिवार-रविवारचा क्लास मी सध्या लावू नये म्हणेन; ते पैसे आणि ते दोन दिवस वाचव. हाताने काढणं मात्र सोडू नकोस. साइटवर मिस्त्री प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने विचारतो आणि उत्तर तिथेच त्याच तुकड्यावर द्यावं लागतं.

ऑनलाइन कोर्सचं प्रमाणाबाहेर आकर्षण नको. स्वयम या सरकारी संकेतस्थळावरच्या कोर्सचे क्रेडिट सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत धरण्याची मुभा यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दिली आहे, पण तुमचं कॉलेज कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरतं, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घे. बदल्यात धरत नसतील तर तो निव्वळ जादा बोजा आहे.

आता सीनियर. ते अगदीच चुकीचं सांगत नाहीत. ज्या सत्रात स्टुडिओ सर्वांत जड आहे, तिथे एखादा हलका मुक्त विषय घेणं शहाणपणाचं आहे. भाषा, फोटोग्राफी, काहीही. एक घे. सगळीच निवड मार्कांवर केलीस तर चौथ्या वर्षी पोर्टफोलिओत (निवडक कामांच्या संग्रहात) दाखवायला काय उरेल, एवढंच विचार.

आणि इतिहासाचा विषय तू यादीतून खोडला आहेस, तो परत लिही. ज्या गावभागात राहतेस तिथली जुनी घरं बघ. खणावर (दोन खांबांमधल्या अंतरावर) मोजलेली लांबी-रुंदी, कडीपाटाचं (लाकडी तुळया आणि फळ्यांचं) छत, भिंतीतले कोनाडे आणि फडताळं. भिंतीच्या जाडीतच साठवणीची सोय, जमिनीवरची जागा न अडवता. एका वाड्याचं मोजमाप घेऊन आराखडा, छेद आणि सांध्यांचे तपशील काढलेस तर इतिहासाचं सबमिशन होईल आणि पोर्टफोलिओत असं पान येईल, जे पुण्याच्या मुलांकडे क्वचित असतं. सुट्टीत वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहून ये. चौकाभोवती खोल्या कशा फिरतात ते तिथे चालून कळतं.

इथे एक सावधगिरी. जुन्या घरांच्या भिंती बऱ्याचदा छताचा भार पेलतात. ‘ही भिंत काढून हॉल मोठा करा’ असं ग्राहक सहज म्हणतो. कोणती भिंत भार घेते हे ओळखण्यापुरतं स्ट्रक्चर शिक आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. तसंच, १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. या पदवीवर तू इंटिरियर डिझायनर आहेस, आणि ते पुरेसं मानाचं आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ‘सांगलीत राहून काही होईल का?’ यामागे असं गृहीत आहे की डिझाइनचं खरं काम मोठ्या शहरातच असतं. तू गावभागातली आहेस. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर काय साचलं होतं, ते तू पाहिलं असशील: फुगलेले पार्टिकल बोर्ड, सुटलेले सनमायके, गाद्या, कुजलेली कपाटं. ती फर्निचरं कुणीतरी डिझाइन केली होती. पाण्याचा विचार त्यात नव्हता.

पूररेषेतल्या घराचं अंतरंग कसं असावं, हा तुझ्या शेवटच्या प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो, आणि त्याची तयारी तिसऱ्या सत्रापासून करता येते. साहित्याच्या विषयात शीक की आयएस (भारतीय मानक) ३०३ चा ओल झेलणारा प्लाय आणि आयएस ७१० चा मरिन प्लाय यांत गोंदाचा फरक काय. मरिन प्लायचा नमुना ७२ तास उकळून तपासतात, तरी कडा उघड्या राहिल्या तर चिखलाचं पाणी तिथून शिरतंच. तळमजल्याच्या ओट्याखाली बंद कपाटांऐवजी कडप्प्याच्या मांडण्या आणि काढून वर नेता येतील अशा झडपा ठेवता येतील का, ते फर्निचरच्या सत्रात करून बघ. सर्व्हिसेसच्या सत्रात तळमजल्याची वायरिंग स्वतंत्र सर्किटवर, सॉकेट उंचावर, मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर, असा आराखडा काढ. अंदाजपत्रकात दाखव की याला जादा किती लागतात आणि एका पुरात किती वाचतात. चार वेगवेगळ्या सत्रांचे विषय एका प्रश्नाला लागतात ते असे. ज्या कुटुंबांनी दोनदा संसार उभा केला, त्यांना याची गरज आहे, आणि त्यांच्याकडे आज कुणी डिझायनर जात नाही.

पूर नको असेल तर मिरज शेजारी आहे. १८९४ मध्ये वॉन्लेस रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातूनही पेशंट येतात. प्रतीक्षागृहात नातेवाइकांना बसायला नीट जागा नसते, व्हीलचेअर वळत नाही, रॅम्प चढणं जीवावर येतं. सर्वांसाठी वापरण्याजोग्या जागांचा वैकल्पिक विषय तुमच्या यादीत असेल तर सार्वजनिक जागेच्या स्टुडिओबरोबर घे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी, हे आकडे तिथे खऱ्या माणसांना लागू होताना दिसतील.

इंटर्नशिपचंही त्याच अंगाने बघ. मोठ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात बरेचदा महिनोन्‌महिने एकाच प्रोजेक्टच्या टाइल्सचा तक्ता भरायचं काम मिळतं. गावातल्या छोट्या ऑफिसात मोजमापापासून बिलापर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सांगली-मिरजेतल्या एखाद्या डिझायनरकडे किंवा फर्निचरच्या ठेकेदाराकडे जा, घरी राहून, खोलीभाड्याशिवाय. तिथे मोजटेप हातात येईल. साइटवर एकटीने जावं लागेल का, कुणासोबत, किती वाजेपर्यंत, हे आधी स्पष्ट बोल. मुलींनी हे विचारण्यात संकोच करू नये. पुण्या-मुंबईचं लांब पल्ल्याचं इंटर्न काम चौथं वर्ष केलंस तर सातव्या सत्रात कर, तेव्हा तुला काय शिकायचं आहे ते ठाऊक असेल.

पप्पांचं. त्यांना फीची काळजी आहे आणि ती खरी आहे, तिला ‘त्यांना डिझाइन कळत नाही’ असं उत्तर देऊ नकोस. आकडे घेऊन बस. तीन वर्षांच्या पदवीनंतर मास्टर्स केलं तर दोन वर्षं लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक. म्हणजे पुढे शिकायचंच असेल तर वर्ष वाचत नाही, फक्त खर्च पुढे जातो. पुढे शिकायचं नसेल तर तीन वर्षं सन्मानाने पुरेशी आहेत, आणि दोन-तीन वर्षं काम करून मग ठरवायलाही हरकत नाही. तुझे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) जमा होतात का, हे आत्ताच पाहून ठेव, आणि तिसऱ्या वर्षानंतर थांबून चौथ्याला परत यायची विद्यापीठाची अट काय, ते कार्यालयातून लेखी घे. पप्पांना सांग, पाचव्या सत्राच्या शेवटी दोघं मिळून ठरवू. तोवर भावाचं प्रवेशाचं चित्रही स्पष्ट होईल.

रोजच्या प्रवासाबद्दल एकच: ज्युरीच्या आधीचा आठवडा कोल्हापुरात मैत्रिणीकडे राहता येईल का ते बघ. एसटीच्या गर्दीत मॉडेल सांभाळत आणणाऱ्या मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत. नाहीच जमलं तर मॉडेल सुट्या भागांत कर आणि कॉलेजात जोड.

फॉर्म भरण्याआधी हा नवा तक्ता घेऊन वर्गशिक्षकांना भेट. त्यांना विचार की कोणत्या विषयाला आधी कुठला विषय झालेला असावा लागतो, आणि यादीतले कोणते वैकल्पिक विषय प्रत्यक्षात चालतात. पुष्कळ कॉलेजांत यादी मोठी असते, पण पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर विषय सुरूच होत नाही. सर्व्हिसेस घेणारी तू एकटी असशील तर अजून चार जणींना हे पत्रोत्तर दाखव आणि मिळून अर्ज करा. तरीही विषय चालला नाही, तर शेजारच्या आर्किटेक्चर किंवा सिव्हिल विभागात तो करण्याची परवानगी माग, आणि तेही नाही जमलं तर त्या एका विषयासाठी ऑनलाइन कोर्स जरूर घे, क्रेडिट धरतील असं लेखी मिळाल्यावर.